केबल दाराशी, माहिती लांब: दिघ्याच्या अभ्यासिकेत काय काय ठेवावं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. समुद्राखालून आलेल्या केबली वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात आणि तिथून आपल्या अंगणात येतात. त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात, दिघ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत, एका घरात एक स्मार्टफोन आणि त्यात रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक एवढीच सोय असते. तो फोन दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या २०२४च्या अंदाजानुसार जगात सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटच्या बाहेर होते. दिघ्यातली पोरं त्या आकड्यात धरली जात नाहीत, कागदोपत्री ती 'जोडलेली' आहेत. पण नर्सिंगच्या मुलीला शोधनिबंध उघडत नाही, आयटीआयच्या मुलाला त्याच्या भाषेत दुरुस्तीची माहिती सापडत नाही, आणि वॉर्डाची सूचना पीडीएफमध्ये असूनही शोधून मिळत नाही. माझं म्हणणं असं की जागतिकीकरणाने वायर घरापर्यंत आणली, पण त्या वायरीतून काय येतं हे अजून भाषा, पैसा आणि फाइलचा प्रकार ठरवतात.

आता काम: वस्तीतल्या अभ्यासिकेत ३० खुर्च्या, दान मिळालेले ८ संगणक आणि १०० एमबीपीएसची एक लाइन आहे. तिथे माहिती केंद्र करायचं आहे. येणारे लोक म्हणजे दहावी-बारावी, आयटीआय, नर्सिंग, एमपीएससी, आणि संध्याकाळी फॉर्म भरायला येणारे रहिवासी. काय ठेवाल, कशा क्रमाने, आणि काय बिघडतं ते सांगा. मोघम नको, नेमकं हवं.

पारसिक_डोंगर

वाचनखूण साठवली. नर्सिंगवाल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयरिस' भांडारापासून सुरुवात करा. प्रकाशनं मोफत आहेत आणि बहुतेक नवी प्रकाशनं बिगर-व्यावसायिक वापरासाठी उतरवून वाटायला मोकळी आहेत. प्रत्येक फाइलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर परवान्याची ओळ असते, ती बघून घ्यायची.

तारायंत्र

आधी वायरिंग, कारण ते चुकलं की पुढचं सगळं फुकट.

१०० एमबीपीएस ऐकायला भरपूर वाटतं. वीस जण एकदम बसले तर वाट्याला पाच. त्यात आठ विंडोज संगणकांनी एकाच वेळी अपडेट ओढायला घेतले की साधं पान उघडत नाही, आणि लोक लाइन देणाऱ्याला शिव्या घालतात. म्हणून प्रत्येक संगणकावर कनेक्शन 'मीटर्ड' (मोजून वापरायचं) करून ठेवा आणि अपडेट अभ्यासिका बंद असताना हाताने सुरू करा. राउटरमध्ये क्यूओएस (वेग वाटून देण्याची सोय) असेल तर एका उपकरणाला ८ ते १० एमबीपीएसची मर्यादा घाला.

संगणक वायरनेच जोडा, कॅट-६ केबलने. ८ पोर्टचा स्विच घेऊ नका: आठ संगणक, एक राउटर, वायफायचा एक ॲक्सेस पॉइंट असे दहा होतात. १६ पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या. वायफाय फक्त फोनांसाठी ठेवा आणि त्यासाठी छताला वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. घरगुती राउटर पंधरा-वीस फोनांनंतर अडखळायला लागतो. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूचे सगळे राउटर एकमेकांवर ओरडत असतात, तेव्हा चॅनेल 'ऑटो' न ठेवता १, ६, ११ यांपैकी सगळ्यात मोकळं बघून पक्कं करा.

वीज गेली की संगणक बंद पडले तरी चालतील, पण राउटर आणि फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, चालू राहिला पाहिजे. दोन्हीच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. त्याच मापाचा मिनी यूपीएस घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ची पिन लावली की राउटर जातो, आणि पिनचं माप सारखं असल्यामुळे ही चूक सर्रास होते.

अभ्यासिकेचं वायफाय वस्तीला खुलं करायचं असेल तर पीएम-वाणी ही केंद्राची सार्वजनिक वायफाय योजना बघा. २०२०च्या या योजनेत स्थानिक केंद्राला, म्हणजे पीडीओला, परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. वापरणाऱ्यांची ओळख आणि नोंदी वरचा ॲग्रिगेटर, म्हणजे अशी अनेक केंद्रं जोडणारी संस्था, सांभाळतो, तो भार अभ्यासिकेवर येत नाही.

घणसोलीकर

एवढा खटाटोप कशाला? सर्च इंजिन आहे, चॅटबॉट आहे, दोन्ही मराठी समजतात. लाइन चालू ठेवा, बाकी पोरं हुशार आहेत.

मीरा_ग्रंथपाल

@घणसोलीकर, पोरं हुशार आहेत यात शंकाच नाही. अडचण शोधल्यानंतर सुरू होते. नर्सिंगची विद्यार्थिनी 'प्रेशर अल्सर' शोधते, निबंध सापडतो, क्लिक केल्यावर तीस-चाळीस डॉलर मागतात. हे सापडूनही न मिळणं नुसत्या चालू लाइनीने सुटत नाही.

याची मांडणी जगभर कशी आहे ते समजून घेतलं तर मार्गही सापडतो. गरीब देशांतल्या आरोग्य संस्थांना वैद्यकीय नियतकालिकं मोफत किंवा अगदी कमी दरात मिळावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये 'हिनारी' सुरू केलं. नेपाळ, मालावी, टांझानिया त्यात आहेत. भारत नाही. पात्रता ठरवताना देशाचं एकूण राष्ट्रीय उत्पन्नही धरतात, त्यामुळे आपला आकारच आपल्या आड येतो: देश मोठा म्हणून यादीबाहेर, आणि दिघ्यातली मुलगी मात्र तिथल्या विद्यार्थ्यापेक्षा श्रीमंत नाही.

आपल्याकडे 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. मोठं पाऊल आहे, मनापासून स्वागत. पण ते केंद्र-राज्याच्या सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरतं आहे. खासगी नर्सिंग कॉलेज आणि सार्वजनिक ग्रंथालय त्याच्या बाहेर राहतात. म्हणून अभ्यासिकेने हे कायदेशीर रस्ते भिंतीवर लावावेत:

निबंधाचं पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर टाका आणि खाली 'सर्व आवृत्त्या' उघडा. पुष्कळदा विद्यापीठाच्या भांडारात लेखकाने ठेवलेली प्रत मिळते. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' हे मोफत एक्स्टेन्शन घाला. कायदेशीर मोकळी प्रत असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं. वैद्यकीय विषय असेल तर 'पबमेड सेंट्रल' वेगळं तपासा. नुसत्या पबमेडवर बरेचदा गोषवाराच असतो, दोन्हींत गल्लत करू नका. भारतीय प्रबंधांसाठी 'शोधगंगा'. हे सगळं करून हाती नाही लागलं तर संपर्क-लेखकाला (निबंधावर ज्याचा पत्ता दिलेला असतो त्याला) चार ओळींचा ईमेल: मी कोण, कुठला निबंध, कशासाठी हवा, आभार. स्वीकृत हस्तलिखित (छपाईआधीची मान्य झालेली प्रत) पाठवायची मुभा बहुतेक लेखकांना असते. नकार फारसा येत नाही. उत्तरच न येण्याचं कारण बहुधा जुना पत्ता असतं, तेव्हा लेखकाच्या संस्थेच्या पानावरचा आजचा पत्ता शोधा.

आणखी एक. मोफत दिसणारं सगळं भरवशाचं नसतं. नियतकालिक 'डोआज' या मोकळ्या नियतकालिकांच्या तपासलेल्या यादीत आहे का ते बघायला अर्धा मिनिट लागतो.

रेतीबंदर_मुंब्रा

मीराताईंचा प्रतिसाद छापून लावण्यासारखा. एक पुरवणी: आता पैसे वाचकाकडून न घेता लेखकाकडून घ्यायची पद्धत वाढते आहे. एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकाने २०२१ पासून एका निबंधाचे ९,५०० युरो ठेवले. म्हणजे वाचायला मोकळं, पण छापायला आपल्याकडच्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर. लॅटिन अमेरिकेने वेगळी वाट धरली. ब्राझीलमध्ये १९९७ पासून 'सायलो' चालतं. सार्वजनिक पैशावर, वाचकासाठी पूर्ण मोकळं, आणि स्पॅनिश-पोर्तुगीज मजकुराला तिथे मानाचं स्थान. मराठीत असं का होऊ नये?

तारायंत्र

@घणसोलीकर, लाइनीच्या भरवशावर राहू नका एवढंच म्हणतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारत-पाकिस्तानपर्यंत वेग मंदावला. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टजवळ एकाच वेळी चार केबली गेल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या बँका अडल्या. टोंगाला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल तेव्हा एकच होती. जानेवारी २०२२च्या ज्वालामुखीने ती तुटली आणि सुमारे पाच आठवडे देश जवळपास तुटलेला राहिला. मुंबईला अनेक केबली लागतात म्हणून आपण वाचतो. रस्ते किती आहेत यावर देशाची ऐपत कळते.

आता अभ्यासिकेत ऑफलाइन प्रत कशी ठेवायची. 'किविक्स' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. विकिपीडिया, वैद्यकीय लेख, दुरुस्तीची माहिती असं सगळं 'झिम' नावाच्या एकेका फाइलमध्ये मिळतं, शोधायच्या सूचीसकट. मराठी विकिपीडिया साध्या पेनड्राइव्हवर मावतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह शंभर जीबीच्या वर जातो. चित्रं नकोत तर साधारण निम्म्यावर येतो. फक्त प्रस्तावना पुरत असतील तर दहा-बारा जीबीत काम होतं. वैद्यकीय संच दोन जीबीच्या आसपास.

दान आलेल्या संगणकांपैकी एक सर्व्हर (बाकीच्यांना फाइली पुरवणारं यंत्र) करा: ४ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, लिनक्स, त्यावर किविक्स-सर्व्ह. रास्पबेरी पाय ४ सुद्धा चालतो, पण त्याला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा स्वतःचाच ॲडॉप्टर लागतो. फोनचा चार्जर लावला की पडद्यावर विजेचं चिन्ह लुकलुकतं आणि यंत्र मध्येच बसतं. मेमरी कार्डावर चालवू नका, दोन-चार वेळा वीज गेली की कार्ड खराब होतं.

हमखास होणारे घोटाळे तीन. पहिला: पेनड्राइव्ह 'फॅट ३२' असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल चढतच नाही, जागा रिकामी असली तरी. 'एक्सफॅट' करून घ्या. दुसरा: सर्व्हरचा पत्ता क्यूआर करून भिंतीवर लावता, राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि क्यूआर मेला. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवा. तिसरा सगळ्यात छळतो: बाहेरची लाइन गेली की अँड्रॉइड फोन 'या वायफायला इंटरनेट नाही' म्हणून आपोआप मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि पोराला वाटतं आपला सर्व्हरच बंद. 'तरीही जोडलेलं राहा' दाबायचं, नाहीतर मोबाइल डेटा बंद करायचा. हेही क्यूआरखाली ठळक लिहा.

लिपीकार

धागाकर्त्याने वॉर्डाच्या पीडीएफचा उल्लेख केला म्हणून सविस्तर लिहितो. मराठी माहिती असूनही नसल्यासारखी होते, ती मुख्यतः इथे.

कुठल्याही सूचनेची पीडीएफ उघडा, एक ओळ माउसने निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तीन शक्यता. मराठी जशीच्या तशी आली: उत्तम, युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेतांक. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कालवा आला: जुन्या फाँटातली फाइल आहे, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी यांपैकी काहीतरी. या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या खणांत बसवलेले असत. डोळ्याला मराठी दिसते, पण सर्च इंजिन आणि अंधांचा स्क्रीनरीडर त्या रोमन अक्षरांनाच वाचतो. तिसरी शक्यता: ओळ निवडताच येत नाही. तो कागदाचा फोटो आहे.

चौथा प्रकार फसवा असतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला, पण पीडीएफ अशा रीतीने काढलेली की चिकटवल्यावर जोडाक्षरं गळतात किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. इथे पीडीएफशी झुंजत बसू नका, मूळ वर्ड फाइल मागा.

जुन्या फाँटासाठी परिवर्तक मोफत मिळतात, पण फाँट ओळखून नेमका त्याचाच घ्यावा लागतो. पीडीएफच्या गुणधर्मांत फाँटची नावं दिसतात. परिवर्तन झाल्यावर या जागा डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी (जुन्या फाँटांत ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, म्हणून सरकते), रफार (अक्षरानंतर साठवलेला, म्हणून तोही सरकतो), 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतला ऱ्य, क्ष-ज्ञ-श्र, आणि आकडे. आकडे सर्वांत महत्त्वाचे. काही फाँटांत देवनागरी अंकांच्या जागी चिन्हं होती आणि परिवर्तक ती गाळतो. पाणीपट्टीच्या तक्त्यात एक शून्य गळलं तर तो कागद नसलेला बरा.

फोटो असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं. 'टेसरॅक्ट' मोफत आहे, त्याला मराठीची वेगळी भाषाफाइल लागते. कागदावर इंग्रजी शब्द असतील तर दोन्ही भाषा एकत्र लावा. स्कॅन ३०० डीपीआयवर, करड्या छटेत, कागद सरळ ठेवून. फोनने काढला तर सावली पडू देऊ नका. हमखास चुका: ध-घ, भ-म, थ-य, ब-व, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये शिरोरेषा तुटली की एका शब्दाचे दोन. तक्ते ओसीआरला देऊ नका, हाताने टाइप करणंच लवकर होतं.

कोपरीकर_आजोबा

लिपीकार, फार मोलाचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या गावाने छापील मराठी जपली. फाँटापायी संगणकावरची वीस वर्षांपूर्वीची मराठी हरवायला नको.

रेतीबंदर_मुंब्रा

लिपीकारांशी सहमत, पण धाग्यात सगळे 'मराठी' म्हणताहेत तिथे थांबतो. दिघ्याच्या वस्तीत आगरी बोलणारे आहेत, तसेच उत्तर भारतातून, कर्नाटक-तेलंगणातून आलेले कामगार आहेत. मुंब्र्यात उर्दू माध्यमाच्या शाळा भरलेल्या. इंग्रजीकडून मराठीला जो अन्याय होतो तोच मराठीच्या नावाने आपण पुढे ढकलू नये. बालभारतीची पुस्तकं मराठीबरोबर हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजरातीतही पीडीएफ रूपात मोफत आहेत. ती सगळी सर्व्हरवर टाका. 'स्टोरीवीव्हर'वरच्या गोष्टी कितीतरी भाषांत आहेत आणि परवाना मोकळा आहे, छापूनही वाटता येतात. उर्दूसाठी संगणकावर नस्तालीक (उर्दू पुस्तकांतल्या तिरप्या वळणाचा) फाँट आधी बसवा, नाहीतर मजकूर नस्ख वळणात दिसतो आणि लहान मुलं अडखळतात.

खाडीकाठ (धागाकर्ता)

@रेतीबंदर_मुंब्रा, पूर्ण मान्य. प्रवेशाच्या नोंदवहीत 'घरी कोणती भाषा' हा रकाना घालतो आणि त्यावरून पुस्तकं ठरवतो.

कोश_वाचक

चॅटबॉटचा मुद्दा सुटून गेला, तो घेते. घणसोलीकर म्हणतात ते अर्धं खरं आहे, मराठी आता बरी समजते. पण हे प्रोग्रॅम ज्या मजकुरावर शिकतात त्याचा मोठा सार्वजनिक साठा म्हणजे 'कॉमन क्रॉल'. त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त मजकूर इंग्रजी. मराठीचा वाटा एका टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. बोलणाऱ्यांच्या संख्येशी या वाट्याचा काही मेळच नाही.

परिणाम रोजच्या वापरात दिसतात. त्याच आशयाचा मराठी मजकूर यंत्रासाठी इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत फुटतो. फुकटच्या वापराला मर्यादा असते, ती मराठीत लवकर संपते. महाराष्ट्राचे नियम विचारले तर दुसऱ्या राज्याचे किंवा रद्द झालेले नियम आत्मविश्वासाने येतात.

म्हणून अभ्यासिकेत बंदी नको, पद्धत हवी. शासन निर्णय असेल तर त्याची फाइल आधी शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवा, मजकूर चॅटबॉटला द्या आणि 'फक्त यातूनच उत्तर दे, परिच्छेद क्रमांक सांग' असं विचारा. मग तो परिच्छेद मूळ फाइलमध्ये स्वतः वाचा. औषधाची मात्रा, वयोमर्यादा, शेवटची तारीख या तीन गोष्टी चॅटबॉटवरून कधीच घेऊ नयेत.

जुना_उपसंपादक

अवांतर, पण मूळ विषयाशी जोडलेलं. हा वाद नवा नाही. सत्तरच्या दशकात नैरोबीची बातमी मुंबईत यायची ती लंडनमार्गे, पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या नजरेतून. म्हणून अलिप्त राष्ट्रांनी आपल्या वृत्तसंस्थांचा समूह उभा केला. युनेस्कोने शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, भारताकडून बी. जी. व्हर्गीज त्यात होते. १९८०च्या अहवालाने माहितीच्या एकेरी वाहतुकीवर बोट ठेवलं. पुढे १९८४ अखेर अमेरिका आणि १९८५ मध्ये ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले. कारणं इतरही होती, पण हा वाद त्यातला ठळक.

माहितीची वाहतूक दुतर्फा व्हावी या मागणीचा एक दोषही होता: काही राजवटींना तिच्या आडून स्वतःच्या पत्रकारांवर लगाम हवा होता. माहिती आपल्या हातात असावी हे खरं, पण ती सरकारच्या मुठीत नको, हे तेव्हाही कळायला हवं होतं.

पारसिक_डोंगर

यावरून २०१६ आठवतं. काही निवडक संकेतस्थळं फुकट आणि बाकीचं इंटरनेट पैशाने, अशी योजना आली होती. दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६च्या नियमांनी मजकुरानुसार वेगळा दर लावायला मनाई केली. गरिबाला इंटरनेटचा तुकडा आणि श्रीमंताला अख्खं, हे आपण नाकारलं. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

ठाणे_पूर्व

रहिवाशांना एसएमएसने कळवायचं असेल तर एक हिशेब लक्षात घ्या. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा. त्यात एकही देवनागरी अक्षर आलं की पूर्ण संदेश युनिकोड होतो आणि मर्यादा ७० वर येते. जास्त झाला की तुकडे पडतात, मग एका तुकड्यात इंग्रजीची १५३, मराठीची ६७. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'पाणीपुरवठा' आपल्याला सहा अक्षरं दिसतात, यंत्र दहा मोजतं. 'पाणीपुरवठा शुक्रवारी बंद' हे दोन जागा धरून २४. मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्याला तुकड्यागणिक पैसे पडतात, म्हणून संस्था इंग्रजीत किंवा रोमन लिपीत पाठवून मोकळ्या होतात. ७० मध्ये बसवायची सवय लावा: काय, कधी, कुठे आणि फोन क्रमांक. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' एवढ्यातच अर्धा संदेश जातो.

घणसोलीकर

ही मोजणी माहीत नव्हती. मीराताई, तारायंत्र, पटलं. एकच विचारतो, आपण फक्त घेणारेच राहणार का? इंग्रजीतून उतरवलं, साठवलं, वाचलं. देणार कधी?

विकी_वाटसरू

घणसोलीकरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, लेख लाखाच्या आसपास. स्वीडिश बोलणारे साधारण एक कोटी आणि तिथे लेख पंचवीस लाखांहून जास्त. त्यातले पुष्कळ यंत्राने तयार केलेले आहेत हे खरं, तरी दरी उरतेच.

ज्ञान नोंदलेलं नसलं की काय होतं याचं उदाहरण हळद. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील पुरावे सादर केले तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजीला माहीत होतं हा पुरावा चालत नाही, छापलेला कागद चालतो. पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय त्यानंतर उभं राहिलं.

अभ्यासिकेतून करता येण्याजोगं: नवा लेख लिहायला घेऊ नका, आधी असलेल्यांना संदर्भ जोडा. संदर्भ स्वतंत्र हवा, संस्थेचं स्वतःचं पत्रक चालत नाही. भाषांतर साधनाने आलेला मजकूर तसाच जतन केला तर तो काढला जातो, प्रत्येक वाक्य हाताने फिरवा. पोरांनी काढलेले फोटो 'कॉमन्स' या विकिपीडियाच्या चित्रभांडारावर टाका, फक्त स्वतः काढलेले. दुसऱ्याच्या व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो टाकला की तो तर उडतोच, खात्यावरही शेरा बसतो. दिघा, इलठणपाडा, यादवनगर यांची छायाचित्रं किती कमी आहेत बघा. एकाच अभ्यासिकेतून अनेकांनी एकाच वेळी खाती उघडली तर आयपी पत्ता एकच असल्यामुळे नोंदणी अडते. घरून खाती उघडून यायला सांगा.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. या आठवड्यात स्विच, वायरिंग आणि सर्व्हर. मीराताईंची यादी फलकावर चढवतो. राहिली वॉर्डाची माहिती. पीडीएफ नीट नसेल तर नीट फाइल मागायचा काही अधिकार आहे का?

मीरा_ग्रंथपाल

आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(४) सांगतं की माहिती प्रसारित करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातली परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी. कलम २(जे) मध्ये संगणकीय स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क येतो, आणि ७(९) प्रमाणे सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच माहिती द्यायची असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत, शुल्क १० रुपये, न्यायालयीन मुद्रांक लावला तरी चालतो. पाणी आणि आरोग्य असे दोन विषय एकत्र घातलेत तर माहिती अधिकारी पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

पण अर्जाआधी वॉर्ड कार्यालयात जाऊन नुसती वर्ड फाइल मागून बघा. टाइप करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ती असतेच.

लिपीकार

अर्जात 'युनिकोडमधील, शोधता येणारी मूळ मजकूर फाइल' असे शब्द घाला. नुसतं 'सॉफ्ट कॉपी' लिहिलंत तर स्कॅन केलेली पीडीएफ हातात पडेल आणि उत्तर दिल्याची नोंदही होईल. फाइल आली की इथे नमुन्याची तीन पानं टाका: एक सलग मजकुराचं, एक तक्त्याचं, एक जुन्यात जुनं. फाँट ओळखून परिवर्तक सांगतो.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सोमवारी वॉर्डात जातो. पाणीपट्टीचा तक्ता आधी मागतो, रविवारपर्यंत पानं इथे टाकतो.